‘क्लिअर्ड’ म्हणजे नेमकं काय झालं? एका पतसंस्थेच्या संदेशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची ही ग्रामीण पतसंस्था. सभासद म्हणजे छोटे दुकानदार, डेअरीला दूध घालणारे शेतकरी, गिरणीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका. रोजची पिग्मी (एजंट दारोदार फिरून गोळा करतो ती छोटी बचत), सोनेतारण आणि दोन जामीनदारांवर मिळणारं मध्यम मुदतीचं कर्ज, एवढाच पसारा. संस्थेचं आणि गावाचं नाव मी देत नाही. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. माझा संबंध भाषांतरकार म्हणून आला. चुकीतला पहिला वाटा माझा होता, म्हणून हे सविस्तर मांडते.

2022 च्या उन्हाळ्यात संस्थेने नवं सॉफ्टवेअर घेतलं. सभासदांना मोबाइलवर मराठीतून संदेश जावेत अशी संचालक मंडळाची अट होती, आणि ती फार योग्य होती. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने मला एक्सेलची फाइल पाठवली. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजवा रकाना रिकामा. शब्द इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लावलेले. कुठला शब्द बटणावर येणार, कुठला पावतीवर, कुठला संदेशात, याचा पत्ता नाही. ‘सी’ अक्षराखाली ओळीने ‘क्लिअर’, ‘क्लिअर ऑल’, ‘क्लिअर्ड’, ‘क्लिअरिंग’ आणि मग ‘क्लोज’, ‘क्लोज्ड’.

‘क्लिअर’पुढे मी ‘पुसा’ लिहिलं, कारण भरलेला मजकूर घालवायचं बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतंच. ‘क्लिअरिंग’पुढे ‘समाशोधन’, म्हणजे बँकांनी आपसात चेकचा हिशेब मिटवणं. ‘क्लिअर्ड’पाशी मी थांबले. पतसंस्थेचं काम, म्हणजे देणं-घेणं मिटल्याचा अर्थ असणार, असं धरलं आणि ‘निरंक’ लिहिलं. हा शब्द मला आवडलाही होता. हिशेबाच्या मराठीतला जुना, रुळलेला शब्द. सरकारी अहवालात ‘माहिती निरंक’ असं आजही लिहितात, तेव्हा तालुक्याच्या गावी तो कुणाला परका वाटणार नव्हता. शिवाय त्याला लिंग-वचन लागत नाही. चेक पुल्लिंगी, रक्कम स्त्रीलिंगी, खातं नपुंसकलिंगी. पुढे कोणता शब्द येणार हे माहीत नसताना ‘झाला-झाली-झालं’ कसं ठरवणार? ‘निरंक’ सगळीकडे बसत होता. ही सोय पुढे कशी अंगाशी आली ते खाली येईलच.

संदेशांचे मसुदे माझ्याकडे आलेच नाहीत. माझ्या शब्दयादीवरून ते कंपनीतल्याच एका मुलाने जुळवले.

काय घडलं

गावात गिरणी चालवणाऱ्या एका बाईंनी (त्यांना इथे काकू म्हणते, गावात सगळे तसंच म्हणतात) या संस्थेकडून गिरणीच्या यंत्रासाठी कर्ज काढलं होतं. धाकटा दीर जामीनदार. हप्ता त्या नेहमी पिग्मी एजंटाच्या हाती रोख द्यायच्या. ऑक्टोबर 2022 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, एका वसतिगृहाच्या दळणाचे पैसे त्यांच्या बँक खात्यात जमा झाले. म्हणून त्या महिन्याचा हप्ता त्यांनी पहिल्यांदाच चेकने भरला. चार दिवसांनी संदेश आला:

‘कर्ज खाते क्र. (अमुक) स्थिती: निरंक’

कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वाचून दाखवला. काकूंचा विश्वास बसेना, कारण निम्म्याच्या आसपास कर्ज अजून बाकी होतं. पण त्याच सुमारास राज्य सरकार महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत नियमित कर्जफेड करणाऱ्यांना 50 हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देत होतं. याद्या लागत होत्या, गावागावात मोबाइलवर संदेश येत होते. ती योजना पीककर्जाची. पतसंस्थेच्या कर्जाशी तिचा काही संबंध नव्हता. पण कुणाला काय मिळालं याची चर्चा रोज गिरणीवरच व्हायची. काकूंना वाटलं, आपल्यालाही कशातून तरी सूट मिळाली.

तरीही त्यांनी खात्री करून घेतली, हे इथे नोंदवणं मला महत्त्वाचं वाटतं. पिग्मी एजंट आल्यावर त्याच्यासमोर मोबाइल धरला. त्याने वाचलं आणि म्हणाला, “निरंक म्हणजे संपलं की, काकू. पेढे कधी?” त्याने मराठी अगदी बरोबर वाचलं होतं. काकूंनी पेढे वाटले आणि नोव्हेंबरपासून हप्ता थांबवला.

फेब्रुवारी अखेरीला, मार्चची वसुली सुरू झाल्यावर, थकबाकीची नोटीस निघाली. काकूंना एक आणि जामीनदार दिराला एक. दंडव्याज लावलेलं, आणि भरणा न केल्यास सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 प्रमाणे वसुली दाखला घेण्याची तंबी. दिराने ती नोटीस चार माणसांत वाचली. “कर्ज फिटलं म्हणून पेढे खाऊ घातले, आणि आता माझ्या दारात नोटीस?” काकू मोबाइल घेऊन संस्थेत गेल्या. मॅनेजरांनी संदेश पाहिला, सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला, कंपनीने मला.

शब्दाची उकल

इंग्रजी शब्दांच्या अनेक अर्थांचा विषय निघाला की लोक ‘सेट’ आणि ‘रन’ची नावं घेतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’चे 430 च्या आसपास अर्थ आहेत. पण इतका पसरलेला शब्द समोर आला की भाषांतरकार सावध होतो. घात होतो तो ‘क्लिअर’सारख्या शब्दाने, ज्याचा अर्थ आपल्याला माहीत आहे अशी आपली पक्की समजूत असते. मराठीत तो आपण दिवसभर वापरतो: विषय क्लिअर झाले, ट्रॅफिक क्लिअर आहे, जमिनीचं टायटल क्लिअर आहे, स्टेशनमास्तरने लाइन क्लिअर दिली.

मुळात लॅटिन ‘क्लारुस’, म्हणजे उजळ, स्वच्छ दिसणारं. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर उजळपणापासून ‘मध्ये काही आड नाही’ इथपर्यंत अर्थ सरकला आणि तिथून फाटे फुटले. झाडी तोडून जमीन मोकळी करणं. घोड्याने कुंपणाला न शिवता पलीकडे जाणं. आरोपी निर्दोष ठरणं. माल जकातीतून सुटणं. देणं फिटणं. आणि 18 व्या शतकात लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटच्या परिसरात बँकांचे कारकून रोज एकत्र जमून एकमेकांवरचे चेक अदलाबदल करू लागले, परस्परांचं देणं-घेणं वळतं करून फक्त फरक चुकता करू लागले, त्यातून आलेला बँकेचा ‘क्लिअरिंग’.

शेवटचे दोन फाटे इथे नीट वेगळे करून पाहायला हवेत. कर्ज क्लिअर झालं म्हणजे देणं उरलं नाही. चेक क्लिअर झाला म्हणजे पैसे आले. देणं किती उरलं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. एरवी हे दोन अर्थ वेगवेगळ्या घरांत राहतात, म्हणून गोंधळ होत नाही. मात्र कर्जाचा हप्ता चेकने भरला की ते एकाच ओळीत येतात, आणि दोन्ही तिथे शोभतात. संस्थेच्या मूळ इंग्रजी संदेशात ‘कर्ज खात्यात चेक मिळाला, स्टेटस क्लिअर्ड’ अशी रचना होती, तेव्हा ‘चेक’ हा शब्द अर्थ धरून ठेवत होता. मराठी करताना तो गळला.

गळला कसा? रोमन लिपीतल्या एका मोबाइल संदेशात 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘कर्ज’ या दोन अक्षरी शब्दाच्या चार जागा जातात. 70 च्या वर गेलं की दोन संदेशांचे पैसे. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे अशा संदेशाचा साचा डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यातला मजकूर ठरलेला, फक्त बदलत्या जागा मोकळ्या. कंपनीतल्या मुलाने साचे कमी लागावेत म्हणून सगळ्या स्थितींसाठी एकच साचा केला, ‘कर्ज खाते क्र. — स्थिती: —’, आणि मोकळ्या जागेत माझ्या यादीतला शब्द आपोआप पडू लागला. मॅनेजरांनी साचा पाहिला तेव्हा ती जागा रिकामी होती. त्यांनी मंजुरी दिली.

मराठीत या प्रत्येक घटनेला स्वतःचं क्रियापद आहे. चेक वटतो. हप्ता जमा होतो. कर्ज फिटतं. सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. शेवटी बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला मिळतो. हुंडी वटत होती तेव्हापासून ‘वटणं’ आपल्याकडे आहे; हुंडीवर कापला जाणारा ‘वटाव’ त्याच कुळातला. आपली भाषा नामाबरोबर क्रियापदही बांधून देते, आणि ती गाठच वाचणाऱ्याचं रक्षण करते. मी लिंग-वचनाची अडचण टाळण्यासाठी क्रियापद काढून टाकलं आणि ती गाठ सोडवली. ‘वटला’ लिहिलं असतं तर ‘खाते… वटला’ ही ओळ पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली असती. ‘निरंक’ कुठेच खुपला नाही.

समोरचे पर्याय

मॅनेजरांनी मला बैठकीला बोलावलं. त्या बैठकीत दोन प्रश्न होते आणि ते एकमेकांत मिसळत होते: पुढचे संदेश कसे जावेत, आणि गेलेल्या संदेशांचं काय करायचं.

पहिल्यावर कंपनीची सूचना सोपी होती. यादीतला ‘निरंक’ काढून ‘वटला’ टाकायचा. साचा तोच, नवी मंजुरी नको, संध्याकाळपर्यंत काम पूर्ण. मी नकार दिला. ‘कर्ज खाते, स्थिती: वटला’ हे मराठीच नव्हे, आणि तोच शब्द कर्ज खरोखर फिटल्यावरही गेला असता, म्हणजे चूक उलट दिशेने झाली असती.

एक संचालक म्हणाले, सरळ ‘क्लिअर’ लिहा, लोकांना कळतं. हा पर्याय मी मनापासून तपासला, कारण रुळलेल्या परक्या शब्दाला माझा विरोध नसतो. पण ‘कर्ज खाते क्लिअर’ याचा अर्थ गावात कुणीही ‘कर्ज संपलं’ असाच घेईल. इंग्रजीतली संदिग्धता देवनागरीत लिहिल्याने जात नाही. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सूचनाही आली, 160 अक्षरांची मोकळीक मिळते म्हणून. तरुण सभासदांना ते चाललं असतं; ज्यांच्यासाठी मराठी संदेशांची अट घातली होती त्या वयाच्या बायकांना नाही. मराठी संदेश बंदच करून इंग्रजीवर परत जावं, असंही कुणी म्हणालं. त्या वेळी मला खरी भीती वाटली. चूक मराठीची ठरवून मराठीच बाजूला सारली जाते, हे मी याआधीही पाहिलेलं आहे.

उरला शेवटचा पर्याय: प्रत्येक घटनेसाठी स्वतंत्र साचा, स्वतंत्र मंजुरी. खर्च जास्त, दिवस जास्त.

दुसऱ्या प्रश्नावर मतभेद अधिक तीव्र होते. पासबुक हातात असताना सभासदांनी बाकी पाहायला हवी होती, असं एका संचालकांचं म्हणणं. कायद्याच्या अंगाने त्यात तथ्य असेलही. पण ज्या माणसाच्या हाती रोज पैसे देतात त्यालाच त्या बाईंनी विचारलं होतं. याहून जास्त खातरजमा सामान्य माणूस कशी करणार, हे मी विचारलं. त्यावर बैठकीत काही वेळ कुणी बोललं नाही.

काय केलं

चेकचे संदेश त्याच दिवशी थांबवले. नव्या सॉफ्टवेअरमधून कर्जाच्या खात्यावर ‘निरंक’ कुणाकुणाला गेलं ती यादी काढली. बहुतेकांनी हप्ते चालू ठेवले होते, कारण संदेश त्यांनी वाचलाच नव्हता किंवा चूक असणार म्हणून सोडून दिला होता. काकूंसह तिघांनी भरणा थांबवला होता. दुरुस्तीचा संदेश पाठवायचा नाही, पिग्मी एजंटाने मॅनेजरांना बरोबर घेऊन तिघांच्या घरी जायचं, असं ठरलं. ज्या वाटेने चुकीची बातमी गेली त्याच वाटेने खरी बातमी पाठवली तर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

संचालक मंडळाने तिघांचं दंडव्याज माफ केलं. मुदतीचं व्याज राहिलं, आणि थांबलेले हप्ते कर्जाच्या शेवटाला जोडून दिले.

मी सॉफ्टवेअर उघडून ‘क्लिअर’ आणि त्याची रूपं कुठे कुठे येतात ते पडद्यासमोर बसून पाहिलं. हे काम करायला दीड दिवस लागला. फॉर्मवरच्या बटणावर ‘पुसा’ बरोबर होतं. चेकच्या नोंदीत ‘वटला’ हवं होतं. कर्जप्रकरणाच्या कागदपत्रांपुढे ‘क्लिअर’ होतं, तिथे ‘पूर्तता झाली’. तारण मालमत्तेच्या रकान्यात ‘क्लिअर टायटल’, तिथे ‘निर्वेध मालकी’. आधी तिथेही माझं ‘पुसा’ बसलं होतं, म्हणजे ‘मालकी: पुसा’. कर्ज बंद होताना मात्र ‘कर्ज पूर्ण फिटले, बेबाकी दाखला घेऊन जावा’. एका ठिकाणी ‘क्लिअर बॅलन्स’ होतं, म्हणजे न वटलेले चेक वगळून हाताशी असलेली शिल्लक. त्याला मी ‘काढता येईल अशी रक्कम’ लिहिलं. लांब झालं, पण वाचणाऱ्याला त्या क्षणी तेवढंच हवं असतं.

चेकच्या हप्त्याचा नवा संदेश असा ठरला: ‘चेक वटला, हप्ता जमा. कर्ज बाकी रु. 84,300’. मोजला तर 41 जागा. संस्थेचं छोटं नाव जोडूनही 70 च्या आत. आकडा बदलत राहील, शब्द ठरलेले राहतील. म्हणजे जागा कमी होती म्हणून ‘चेक’ गाळला, हे कारणही टिकत नाही. जागा होती, कुणी मोजली नव्हती.

मंजुरीला पाठवण्याआधी नवे मसुदे मी पिग्मी एजंटाला वाचायला दिले. “हे वाचून काय कळलं?” असं विचारलं नाही. “हे आल्यावर काकू पुढच्या महिन्यात काय करतील?” असं विचारलं. तो म्हणाला, “हप्ता भरतील, बाकी दिसतीय की.”

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधीचा आणि सर्वांत स्वस्त क्षण माझाच होता. फाइल आली तेव्हा एक फोन करून “हे शब्द कुठे दिसणार?” एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही, कारण अशा फाइली नेहमी अशाच येतात आणि विचारलं की भाषांतरकाराला काम येत नाही असं समोरच्याला वाटेल, ही धास्ती असते. आता मी पडद्यांची चित्रं मिळाल्याशिवाय सुटे शब्द घेत नाही. नाइलाज असेल तर एका इंग्रजी शब्दापुढे दोन-तीन मराठी पर्याय, प्रत्येकाच्या वापराच्या वाक्यासह, लिहून देते.

अनेकजण सुचवतात की मराठी मजकूर दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्यावा, चूक सापडते. इथे ती सापडली नसती. ‘निरंक’चं इंग्रजी करणारा ‘क्लिअर्ड’च लिहू शकला असता आणि पडताळणी यशस्वी ठरली असती. दोन्ही टोकांना तोच शब्द. मध्ये अर्थ बदलून गेलेला.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी सांगते: एकसारख्या इंग्रजी शब्दांना एकच भाषांतर लावायची सवय इंग्रजीपुरती ठीक. भाषांतराच्या साधनांत एकाच शब्दाला वेगवेगळा संदर्भ जोडून वेगळी भाषांतरं ठेवायची सोय असते. ती वापरावी. आणि मंजुरी देणाऱ्याने रिकाम्या जागेचा साचा कधीच पाहू नये. भरलेला, जसा फोनवर दिसेल तसा पाहावा.

घरी जाऊन भेटायचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. फक्त तो नोटीस निघण्याआधी व्हायला हवा होता. कधी हप्ता न चुकवणारी सभासद सलग तीन महिने गप्प आहे, हे संगणकाला दिसत होतं. पिग्मी एजंट रोज गिरणीवरून जात होता. कुणी तरी विचारायला हवं होतं.

निष्पत्ती

काकूंनी दंडव्याजाच्या माफीबद्दल फारसं काही म्हटलं नाही. त्यांची मागणी वेगळी होती. “पैशाचं बघू. माझ्या दिराला पत्र द्या, की मी लबाडी केली नव्हती.”

मॅनेजरांनी केलेल्या मसुद्यात ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं होतं. मी ते काढायला सांगितलं. यंत्र बिघडलं नव्हतं, मंडळींनी शब्द चुकीचा घातला होता. बरीच चर्चा झाली, कारण लेखी कबुली द्यायला संस्था कचरत होती. शेवटी चेअरमन म्हणाले, “लिहा, आपल्याच लोकांना लिहितोय.” पत्रात हे वाक्य गेलं: ‘संस्थेने पाठवलेल्या मराठी संदेशात चेक वटल्याऐवजी कर्ज निरंक झाल्याचे चुकून कळवले गेले, त्यावर विसंबून सभासदांनी हप्ते थांबवले, यात त्यांचा दोष नाही.’

पत्र घेऊन मॅनेजर आणि पिग्मी एजंट दिराच्या घरी गेले, वाचून दाखवलं, पोच घेतली. काकूंनी त्याची एक प्रत गिरणीच्या भिंतीवर, वीजबिलाच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मी पुढच्या वर्षी गेले तेव्हा ती तिथेच होती, पिठाने पांढरी झालेली. कर्ज त्यांनी मुदतीत फेडलं. नंतर मोटर बदलण्यासाठी दुसरं काढलं. त्या कागदावर जामीनदार म्हणून दिराची सही नाही. बहिणीच्या यजमानांची आहे.